वही, प्रत आणि पत्ता

‘वही’ हा शब्द मराठीत दोन निरनिराळ्या व्यवहारांतून वावरत आलेला आहे. एक व्यवहार कवितेचा आणि दुसरा हिशेबाचा. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तरल्या असे परंपरा सांगते. संताजी जगनाडे यांच्या हातच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या वह्यांना वारकऱ्यांमध्ये मान आहे. व्यापाऱ्याच्या पेढीवरची वही वेगळी. तिथे रोजकीर्द आणि खतावणी असे दोन प्रकार असतात. रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडतील त्याच क्रमाने लिहावयाचे आणि खतावणीत तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन मांडावयाचे. रोजकीर्दीतील नोंदीसमोर खातेपानाचा आकडा घालण्याची रीत आहे. तो आकडा नसेल तर नोंद खरी असूनही पडताळून पाहणे अवघड होते.

गेल्या दीड दशकात संगणकावर डेटा तपासणाऱ्या अभ्यासकांच्या हाती ‘नोटबुक’ नावाची जी वस्तू आली, तिच्यात या दोन्ही वह्यांचे गुण एकत्र येऊ पाहतात. ती वाचली जावी अशी तिची इच्छा असते आणि तपासली जावी अशी तिच्याकडून अपेक्षा असते. या दुहेरी अपेक्षेतून एक प्रश्न उद्भवतो. वरवर तो निव्वळ तांत्रिक वाटतो. स्वरूपाने मात्र तो पाठचिकित्सेचा आहे. वहीत जे दुसरीकडून आणले ते कोठून आणले, आणि आणले त्या वेळी ते कसे होते?

या वहीची वंशावळ थोडक्यात पाहणे उपयोगाचे ठरेल. डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये ‘लिटरेट प्रोग्रामिंग’ या नावाचा निबंध प्रसिद्ध केला. प्रोग्राम लिहिणाऱ्याने यंत्राला काय करावयाचे ते सांगण्याऐवजी, यंत्राकडून काय करवून घ्यावयाचे आहे ते माणसाला समजावून सांगावे, असा त्याचा आशय होता. प्रोग्राम हा साहित्याचा एक प्रकार मानावा, ही त्या आशयातील गर्भित मागणी. १९८८ मध्ये ‘मॅथेमॅटिका’ या गणिती प्रणालीबरोबर पडद्यावरची वही आली. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘आयपायथन’ या प्रकल्पातून २०११ मध्ये ब्राउझरमध्ये उघडणारी वही निघाली आणि २०१४ मध्ये तिला ‘ज्युपिटर’ हे नाव मिळाले. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन संगणकीय भाषांची अक्षरे त्या नावात आहेत. गुरूच्या चंद्रांची निरीक्षणे टिपणाऱ्या गॅलिलिओच्या वहीचे स्मरणही त्यात आहे. पहिल्यांदा टिपल्या गेलेल्या गुरुत्वलहरींचा डेटा २०१६ मध्ये जगापुढे ठेवताना ‘लायगो’च्या शास्त्रज्ञांनी निबंधासोबत अशीच एक वही खुली केली. वाचकाने निष्कर्ष नुसता ऐकू नये, तो स्वतःच्या हाताने पुन्हा काढून पाहावा, अशी ही मुभा होती.

या वहीचे घटक तीन: गद्य, कोड आणि कोड चालवल्यावर मिळालेले फळ. तिन्ही एकाखाली एक, ‘सेल’ नावाच्या चौकटींत मांडलेले असतात. वाचणाऱ्याला विचार, कृती आणि परिणाम यांची साखळी एकसंध दिसते. ही साखळी जितकी दिसते तितकी घट्ट मात्र नसते. रोजकीर्दीत वरची नोंद आधीची आणि खालची नंतरची असा भरवसा असतो. नोटबुकात सेल कोणत्याही क्रमाने चालवता येतात. खालचा आधी, वरचा नंतर, मधला तीनदा. चालवून झाल्यावर एखादा सेल पुसून टाकला, तरी त्याने स्मृतीत ठेवलेली मूल्ये तशीच राहतात. पानावर नसलेल्या मजकुराचा परिणाम पानावर दिसतो. गिटहबवरील सुमारे १४ लाख नोटबुकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ज्या वह्या पुन्हा चालवून पाहणे शक्य होते, त्यांपैकी सुमारे २४ टक्केच विनातक्रार शेवटपर्यंत चालल्या, आणि मुळातलेच फळ पुन्हा देणाऱ्या सुमारे ४ टक्के निघाल्या. वाचता येण्याजोगी असणे आणि पडताळता येण्याजोगी असणे यांत किती अंतर पडू शकते, याचे हे एक माप होय.

वही ‘क्लाउड’वर गेली तेव्हा या स्थितीला आणखी एक पदर आला. गूगलची ‘कोलॅब’ ही सेवा २०१७ पासून सर्वांना खुली आहे. ‘डेटाब्रिक्स’सारख्या सेवा मोठ्या संस्थांतून वापरल्या जातात. तेथे वही ज्या यंत्रावर चालते ते यंत्र अभ्यासकाचे नसते. ते काही तासांपुरते मिळालेले असते. कोलॅबमधील यंत्र काढून घेतले गेले की त्यावर साठवलेल्या फायली नाहीशा होतात. घरच्या संगणकावर जसा एखादा कप्पा असतो आणि त्यात वर्षानुवर्षे जमवलेली हत्यारे असतात, तसा कप्पा येथे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक बैठकीला बिऱ्हाड नव्याने मांडावयाचे. साहजिकच प्रत्येक वेळी हत्यारे कोठून तरी आणावी लागतात, आणि ‘कोठून तरी’ या शब्दांतील ढिलाईच या विषयाचे मर्म आहे.

सर्वांत सोपा मार्ग नकलेचा. जुनी वही उघडावी, हवा तो सेल उचलावा, नव्या वहीत ठेवावा. या मार्गाची निंदा करणे सोपे असले, तरी त्याची बाजूही समजून घ्यावयास हवी. नक्कल केलेला मजकूर वहीच्या आत असतो. वाचकाला तो डोळ्यांनी दिसतो. त्यासाठी त्याला दुसरीकडे जावे लागत नाही. उद्या मूळ वही हरवली तरी नक्कल चालत राहते. हस्तलिखितांच्या काळात ग्रंथ टिकले ते नकलांमुळेच. नक्कल ही टिकून राहण्याची एक युक्ती आहे.

तिची किंमत मात्र पाठभेदांत मोजावी लागते. पोथी उतरवून घेणाऱ्या लेखनिकाच्या हातून पाठभेद घडत ते बहुधा डोळ्याच्या चुकीने, थकव्याने, कधी श्रद्धेने. नोटबुकातील पाठभेद बहुतेक वेळा सुधारणेच्या हेतूने घडतात. नव्या वहीतील डेटा थोडा वेगळा असतो, म्हणून एक ओळ बदलली जाते. तिसऱ्या वहीत आणखी एक ओळ वाढते. प्रत्येक बदल आपापल्या जागी सयुक्तिक असतो. कोणत्याच प्रतीवर मात्र ‘मी अमुक प्रतीवरून उतरले’ अशी पुष्पिका नसते. लेखनिक निदान शेवटी शक, तिथी आणि आपले नाव घालीत असे.

हे अमूर्त वाटू नये म्हणून एखादी अभ्यासिका कल्पावी. मराठी नियतकालिकांच्या जुन्या अंकांतील भूप्रदेशवाचक शब्द मोजण्याचे काम तिने हाती घेतले आहे. डोंगर, दऱ्या, नदी, खाडी, समुद्र, दर्या. कोणत्या दशकातील कथा कोणत्या भूमीवर घडते, याचा तिला शोध घ्यावयाचा आहे. मजकूर संगणकावर उतरवून झालेला आहे. पण तो निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या कळफलकांवर उतरवला गेला आहे. मोजणीआधी तो ‘स्वच्छ’ करावा लागतो. त्यासाठी दहा-बारा ओळींचे एक फंक्शन तिला कोणा सहाध्यायाच्या वहीत मिळते, आणि ते ती आपल्या वहीत उतरवून घेते.

आता देवनागरीची एक अडचण ध्यानात घ्यावयास हवी. ‘दऱ्या’ या शब्दातील आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, मग हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे, डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही शब्द एकसारखे उमटतात. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. युनिकोडचे अधिकृत सामान्यीकरणही त्यांना एक करीत नाही. ‘ॲ’ या अक्षराचीही हीच कथा. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. ‘अ’वर चंद्राची खूण देऊनही ते लिहिले जाते, आणि हे दोन्हीही सामान्यीकरणाने एकरूप होत नाहीत.

इंग्रजी मजकुरावर पोसलेल्या सफाईच्या कोडमध्ये न दिसणारी चिन्हे कचरा समजून काढून टाकण्याची पद्धत असते. मराठीत ते जोडचिन्ह काढले की आडवा र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. दऱ्या नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी दर्या येतो. स्वयंपाकघरातील आचाऱ्यांचा घोळका आचार्यांच्या सभेत जाऊन बसतो. ज्या दशकातील अंक दुसऱ्या रीतीने टंकलेले असतील, त्या दशकातील डोंगराळ कथा एका रात्रीत समुद्रकाठी सरकतात. आलेखात सागरी प्रतिमांची भरती दिसते. त्या भरतीवर एखादे प्रकरण लिहिता येते, तिला सामाजिक कारणे जोडता येतात, तिच्यात आधुनिकतेची चाहूलही ऐकता येते. ती भरती कळफलकातली आहे, हे आलेखावरून कळण्याचा मार्ग नसतो.

समजा, या अभ्यासिकेला पुढे कधीतरी, एखादी मूळ कथा समोर घेऊन बसल्यावर, हे लक्षात येते आणि ती चौथ्या वहीतील फंक्शन दुरुस्त करते. पहिल्या तीन वह्यांना त्याची वार्ता नसते. ज्या सहाध्यायाच्या वहीतून ते आले त्यालाही नसते, आणि त्याच्याकडून ते आणखी ज्या कोणाकडे गेले असेल त्यांना तर नसतेच. नकलेला आपला जनक ठाऊक नसतो. जनकाला आपली संतती ठाऊक नसते. दोष एकाचाही नाही, आणि दुरुस्ती सर्वांपर्यंत पोचण्याची वाटही नाही.

यावरील उपाय म्हणून जी व्यवस्था पुढे येते ती संगणकाच्या जगात बरीच जुनी आहे. कोडच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद ठेवणारी पहिली प्रणाली १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी रचली. आज सर्वत्र वापरात असलेली ‘गिट’ लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये सुरू केली. गिटमध्ये कोडचे एक भांडार असते. त्यातील प्रत्येक टप्पा ‘कमिट’ म्हणून नोंदला जातो: कोणी बदलले, कधी बदलले, का बदलले, आणि आधीचा टप्पा कोणता होता. या सर्व मजकुरावरून गणिताने एक खूण काढली जाते. प्रचलित पद्धतीत ती ४० चिन्हांची असते. मजकुरातील एक अक्षर बदलले, किंवा आधीच्या टप्प्यांपैकी एखादा बदलला, तरी खूण पालटते. म्हणजे ती खूण नावासारखी वरून चिकटवलेली नसते. मजकुरातूनच ती निष्पन्न होते. २०१७ मध्ये संशोधकांनी त्या गणिती पद्धतीतील एक फट प्रत्यक्ष दाखवून दिली आणि गिटने त्यानंतर सावधगिरीचे उपाय योजले. दैनंदिन व्यवहारात ती खूण आजही विश्वासार्ह आहे.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही व्यवस्था पाहताना ओळखीची खूण पटावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा बाराशेंहून अधिक हस्तलिखितांचा विचार झाला. स्वीकारलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठ तळटीपांत, अशी तिची मांडणी आहे. संपादकाचा निर्णय वाचकाला अमान्य करता यावा, यासाठी लागणारी सामग्री संपादकच पुरवतो. याउलट शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत पुढे कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. त्या कार्याचे मोल अपार आहे. तथापि त्यांनी कोणते पाठ कोणत्या कारणाने बाजूला ठेवले, त्याची नोंद आपल्या काळापर्यंत आलेली नाही. गिटचे भांडार स्वभावाने पहिल्या परंपरेतले आहे. टाकून दिलेले सर्व काही तेथे राहते, आणि टाकल्याचे कारणही, लिहिणाऱ्याने ते मनापासून लिहिले असेल तर, राहते.

मग नोटबुकाने या भांडारातून कसे घ्यावे? येथे तीन रीती आढळतात आणि तिन्हींचा मजकुराशी असलेला संबंध वेगळा आहे.

पहिली रीत, एका वहीतून दुसरी वही सबंध चालवण्याची. डेटाब्रिक्समध्ये ‘रन’ या आज्ञेने हे साधते. दुसऱ्या वहीतील सर्व नावे पहिल्या वहीत उतरतात. नक्कल टळते, पण पाहुणा घरात शिरतो आणि घरच्या वस्तूंना आपली नावे देऊन जातो; पहिल्या वहीत त्याच नावाचे काही असेल तर ते मुकाट्याने बदलते. शिवाय ही आज्ञा जागा सांगते, आवृत्ती सांगत नाही. त्या जागी आज जे असेल ते चालते.

दुसरी रीत, फंक्शने साध्या फायलीत ठेवून तेथून ‘इंपोर्ट’ करण्याची. डेटाब्रिक्समध्ये आधी ‘रेपोज’ आणि आता ‘गिट फोल्डर’ या नावाने गिटचे भांडार वह्यांच्या शेजारी आणून ठेवता येते, आणि त्यातील फायलींतून हवे ते नाव घेऊन आणता येते. अमुक फायलीतून अमुक फंक्शन घेतले, असे वहीत स्पष्ट लिहिलेले राहते. हे अवतरणाच्या जवळचे आहे. या रीतीतही एक मेख आहे. पायथन एकदा आणलेली फाइल स्मृतीत धरून ठेवतो. मागाहून फाइल बदलली, नवा कमिट आणला, तरी चालू बैठकीत जुनेच फंक्शन काम करीत राहते. पुन्हा वाचण्याची आज्ञा द्यावी लागते किंवा बैठक नव्याने सुरू करावी लागते. डोळ्यांसमोरचा पाठ एक आणि चालणारा पाठ दुसरा, अशी स्थिती उद्भवते. मुखोद्गत म्हणणाऱ्यापुढे नवी पोथी ठेवली तरी तो आधी पाठ केलेलेच म्हणत राहतो, तसेच हे.

तिसरी रीत, भांडारातील कोड पॅकेज म्हणून बसवून घेण्याची. कोलॅबसारख्या क्षणिक यंत्रावर हीच सोयीची. बैठकीच्या आरंभी एका ओळीत भांडाराचा पत्ता दिला की कोड येऊन बसते. त्या ओळीत भांडाराच्या पत्त्यापुढे कमिटची खूण घालता येते. घातली नाही, तर भांडाराच्या मुख्य शाखेवर त्या क्षणी जे टोक असेल ते मिळते.

तिन्ही रीतींतील खरा भेद या शेवटच्या वाक्यात सामावलेला आहे. शाखेचे नाव ही नदी आहे. आज तिच्यात जे पाणी आहे ते उद्या नसेल. ‘टॅग’ म्हणजे काठावर ठोकलेली खुंटी, आणि खुंटी उपटून दुसरीकडे ठोकता येते. २०२५ च्या मार्चमध्ये हे जगाने पाहिले. गिटहबवरील स्वयंचलित कामांसाठी २३,००० हून अधिक भांडारे वापरीत असलेल्या एका साधनाचे टॅग कोणा घुसखोराने उचलून दुष्ट हेतूच्या एका कमिटकडे वळवले. नाव तेच राहिले, आतला मजकूर पालटला. ज्यांनी नावाऐवजी पूर्वीच्या चांगल्या कमिटची पूर्ण खूण लिहिली होती, त्यांच्याकडे तो पालटलेला मजकूर पोचला नाही. त्याआधी २०१६ च्या मार्चमध्ये, अवघ्या अकरा ओळींचे एक पॅकेज त्याच्या कर्त्याने सार्वजनिक भांडारातून काढून घेतले आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी काही तास अडून राहिली. ही दोन्ही उदाहरणे नोटबुकांची नाहीत. परंतु उसनवारीचे तत्त्व तेच आहे. उसने घेतलेल्या मजकुराचे नाव सांगणे म्हणजे त्याचा पत्ता सांगणे होत नाही.

म्हणून शिस्तीच्या वहीत कमिटची खूण लिहिलेली असते. डेटाब्रिक्समधील नियमित चालणाऱ्या कामांनाही थेट गिटमधून वही घेताना शाखा, टॅग किंवा कमिट यांपैकी एक नेमून देता येते. विकासाच्या काळात शाखा ठीक. निष्कर्ष प्रसिद्ध करावयाचा तर कमिट हवा. खातेपानाचा आकडा तो हाच.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. खूण बांधून ठेवली की सुधारणाही अडते. दऱ्यांचा दर्या करणारे फंक्शन भांडारात दुरुस्त झाले, तरी जुन्या कमिटला बांधलेली वही तीच चूक निष्ठेने करीत राहील. आक्षेप खरा आहे, आणि त्यातच या व्यवस्थेचे नैतिक मूल्य आहे. जुन्या वहीने जुना निष्कर्ष जसाच्या तसा पुन्हा द्यावा. तो चुकीचा असेल तर नेमका कोणत्या चुकीमुळे चुकला हे दाखवता यावे. दुरुस्ती वहीत आपोआप शिरली, तर कालचा आलेख आज निराळा दिसेल आणि त्यावर कालपर्यंत झालेला वाद निराधार ठरेल. नवी खूण लिहिणे हा निर्णय आहे. तो कोणीतरी, एका तारखेला, आपल्या नावाने घ्यावयाचा असतो. चिकित्सक आवृत्तीचा संपादक नवे हस्तलिखित हाती आल्यावर जुनी आवृत्ती गुपचूप बदलत नाही. तो पुरवणी काढतो.

दुसरा आक्षेप अधिक खोलवर जाणारा आहे, आणि तो क्नूथ यांच्याच मूळ भूमिकेतून निघतो. वही ही माणसाने वाचावयाची वस्तू असेल, तर तिच्यातील कोड उचलून भांडारात नेल्यावर तिच्यात काय उरते? ‘मजकूर आणा, स्वच्छ करा, मोजा, आलेख काढा’ अशा चार ओळी. वही नीटनेटकी होते आणि मुकी होते. जो निर्णय वादग्रस्त होता, तो ‘स्वच्छ करा’ या दोन निरागस शब्दांच्या मागे गेलेला असतो. नक्कल निदान नजरेसमोर होती.

या आक्षेपाला सहसा असे उत्तर दिले जाते की, जे सर्वांचे समान आहे ते भांडारात न्यावे आणि जे या वहीचे खास आहे ते वहीत ठेवावे. उत्तर व्यवहार्य आहे; परंतु समान काय आणि खास काय, याची सीमा ते गृहीत धरते. वरील उदाहरणात सफाई ही अगदी समान, अगदी किरकोळ बाब वाटली होती. प्रत्यक्षात ती संपादनाची कृती होती. ‘दऱ्या’ हा शब्द कोणत्या रूपात मोजावयाचा, न दिसणाऱ्या चिन्हाला अर्थ आहे की नाही, हे ठरवणे म्हणजे मराठीच्या लेखनव्यवस्थेविषयी एक मत मांडणे होय. ज्यांना आपण तांत्रिक म्हणून दृष्टीआड करतो, तेथेच भाषेविषयीची आपली मते सर्वांत निर्धास्तपणे राहत असतात.

तेव्हा सीमा निराळ्या निकषावर आखावी लागेल. वाचकाला ज्यावर वाद घालता येईल, त्याचे निदान गद्य विधान तरी वहीत असावे. फंक्शन भांडारात राहो. पण त्या सेलच्या वर दोन वाक्ये असावीत: आडव्या रच्या दोन्ही रीती एक मानल्या आहेत, जोडचिन्ह काढण्यापूर्वी ‘ऱ’मध्ये रूपांतर केले आहे, आणि हे अमुक कमिटमधील फंक्शनने केले आहे. मजकूर एकाच ठिकाणी, त्याचा पत्ता आणि त्याविषयीचे विधान प्रत्येक वहीत. क्नूथ यांना अभिप्रेत असलेले वाचन यामुळे मोडत नाही; ते दोन पानांवर विभागले जाते, आणि एका पानावर दुसऱ्याचा क्रमांक लिहिलेला असतो. रोजकीर्द आणि खतावणी यांचा संबंध याहून वेगळा नव्हता.

पत्ता लिहिला म्हणजे काम संपले असेही नाही. पत्त्यावर दार असावे लागते आणि ते वाचकाला उघडता यावे लागते. कोड ठेवण्याची ‘गूगल कोड’ ही मोठी सेवा २०१६ मध्ये बंद झाली. तिच्याकडे बोट दाखवणारे अनेक जुने पत्ते तेव्हा पोरके झाले. त्याच वर्षी फ्रान्समधील ‘इन्रिया’ या संस्थेने ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ या नावाने जगभरातील खुल्या कोडचे जतनालय सुरू केले, ते याच काळजीपोटी. संस्थांच्या अंतर्गत भांडारांचा प्रश्न आणखी वेगळा. तेथे खूण अचूक असते, इतिहास पूर्ण असतो; मात्र बाहेरच्या वाचकाला आत जाण्याची परवानगी नसते. ज्या हस्तलिखिताचा क्रमांक छापला आहे पण जे कोणालाही पाहावयास मिळत नाही, त्याच्या आधारे केलेले पाठनिर्णयन जितके टिकते, तितकाच अशा भांडारावर उभा असलेला निष्कर्ष टिकतो.

हा सारा खटाटोप अभियंत्यांचा आहे, साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असे म्हणण्याची सोय आता फारशी उरलेली नाही. शब्दांची मोजणी, लेखकनिश्चिती, शैलीची आकडेवारी यांवर आधारलेली विधाने समीक्षेत येऊ लागली आहेत आणि ती आकड्यांच्या अधिकाराने बोलतात. त्या अधिकाराची झडती घेण्यासाठी समीक्षेला नवे शास्त्र शिकावे लागणार नाही. पाठ कोणता, प्रत कोणती, ती कोणी केव्हा उतरवली, कोणता पाठ का टाकला, हे तिचे जुनेच प्रश्न आहेत. आलेख समोर आल्यावर तो काय सांगतो हे विचारण्याआधी, तो कोणत्या कमिटमधून निघाला हे विचारावयाचे इतकेच.

आणि उत्तर मिळाले, तर ते भांडार उघडून पाहावयाचे. तेथे कदाचित एका जुन्या तारखेखाली, कोणा अनोळखी माणसाने, न दिसणारी चिन्हे काढून टाकणारी ओळ का घातली याचे एका वाक्यातील कारण लिहून ठेवलेले असेल. ते कारण मराठीला लागू पडत नाही असे वाचकाला वाटले, तर त्याने तसे खाली लिहावे. त्या लिहिण्यालाही तारीख असेल आणि खूण असेल. ज्या अभ्यासिकेच्या कथा समुद्रकाठी सरकल्या होत्या, तिला त्यांच्या दऱ्या कोठे नाहीशा झाल्या हे तेथे सापडेल.